मूळपुरुष

लग्नात रुसणारा मामा, पंगतीत आग्रह करकरून दमवणारा यजमान आणि सोसायटीच्या सभेत तीन वर्षांपूर्वीचा ताळेबंद मागणारा सभासद, ही माणसं प्रत्येक वस्तीत असतात आणि त्यांची सवय होते. आणखी एक जात आहे ती जरा दुर्मीळ, पण एकदा भेटली की आधीच्या तिघांचा सहवास हवासा वाटू लागतो. ही जात शब्दांची मुळं शोधणाऱ्यांची. तुम्ही आनंदाने सांगता, "पगार झाला." समोरचा माणूस पार्टी मागत नाही. तो डोळे बारीक करून म्हणतो, "पोर्तुगीज." तुम्ही दचकून मागे वळून बघता. तोवर तो पगारावरून पावावर, पावावरून चावीवर आणि चावीवरून तुरुंगावर गेलेला असतो. पोर्तुगीजांचा 'त्रोंकु' म्हणजे झाडाचा बुंधा. त्या लाकडाच्या खोड्यात कैद्याचे पाय अडकवायचे, म्हणून आपला तुरुंग. हे सगळं खरं असतं, हीच पंचाईत. खोटं असतं तर उठून जाता आलं असतं.

आमच्या सोसायटीतल्या या गृहस्थांना सगळे भाऊसाहेब म्हणतात आणि त्यांच्या माघारी 'मूळपुरुष'. कारण त्यांचं कुठलंही वाक्य "मूळ शब्द असा की" इथून सुरू होतं. महसूल खात्यातून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. अव्वल म्हणजे पहिला आणि कारकून म्हणजे फारसीत काम करणारा. तेव्हा काम करणाऱ्यांत पहिला, इतका स्वच्छ अर्थ असलेलं पद सरकारात दुसरं नाही, असं ते सांगतात. त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांनी व्युत्पत्तीचा अभ्यास केलेला नसल्यामुळे त्यांचं मत वेगळं आहे.

छत्तीस वर्षं जमिनीचे कागद पाहिल्यामुळे शब्दही त्यांना जमिनीसारखाच दिसतो. कुणी शब्द उच्चारला की ते त्याचा सातबारा काढतात. मूळ खातेदार कोण, संस्कृत की फारसी. मध्ये फेरफार किती झाले. कुणी अतिक्रमण केलं. आणि एकदा मूळ खातेदाराचं नाव सापडलं की बाकीच्या सगळ्या नोंदी त्यांच्या लेखी बेकायदा.

नोकरीत असताना या छंदाने त्यांचं एकदाच नुकसान झालं, पण ते चांगलं झालं. स्पर्धा परीक्षा देऊन आलेले एक तरुण तहसीलदार रुजू झाले. तालुक्याचं नाव सांगत नाही. चहा, बिस्किटं, हार, आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने दोन शब्द बोलायला भाऊसाहेब. दोनच शब्द बोलले, पण ते नेमके 'साहेब' आणि 'नोकर' होते. 'साहेब' अरबी, मूळ अर्थ सोबती. 'नोकर' मंगोल भाषेतला. नोकोर म्हणजेही सोबतीच, चंगीझखानाच्या जिवाला जीव देणारे ते नोकोर. "तेव्हा मुळात पाहायला गेलं तर," भाऊसाहेब तहसीलदारांकडे हात करून म्हणाले, "साहेब काय नि नोकर काय, आपण दोघंही एकमेकांचे सोबतीच." कचेरीच्या शिपायाने एकट्याने टाळ्या वाजवल्या. थोड्याच दिवसांत भाऊसाहेबांची बदली झाली. 'बदली'चं मूळही अरबीतच आहे, एवढंच ते त्या प्रसंगाबद्दल बोलतात.

त्या शिपायाबद्दल मात्र ते अजून हळहळतात. शिपाई म्हणजे सैनिक. १८५७ साली ज्यांनी इंग्रजांची झोप उडवली ते शिपाई, आणि त्याच साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, हा योगायोग ते न चुकता जोडून सांगतात. आज शिपाई फायली उचलतो आणि साहेबांचा डबा गरम करतो. बरं, त्याला इंग्रजीत प्यून म्हणून मान वाढवावा, तर प्यूनही मुळात पोर्तुगीजांचा पायदळी सैनिकच. फौजेतले दोघेही शेवटी एकाच स्टुलावर येऊन बसले. हवालदाराची तीच गत. शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत यांच्याकडे असे. एकदा हेल्मेट नाही म्हणून चौकात अडवलं, तेव्हा भाऊसाहेबांनी गाडी स्टँडवर लावून त्या हवालदाराला हा सगळा इतिहास ऐकवला. "अहो, तुमच्या हातात गड असायचा गड!" हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. "गड गेला, आजोबा," तो म्हणाला, "आता हे मशीन आहे. लायसन काढा."

त्यांचं ज्ञान खऱ्या अर्थाने एकदाच कामी आलं. पार्किंगच्या भांडणात सोसायटीच्या सेक्रेटरींनी भर सभेत राजीनामा टेबलावर आपटला. भाऊसाहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हा नामंजूर." का? तर राजी म्हणजे कबूल, संतुष्ट. नामा म्हणजे लेख. संतुष्ट मनाने लिहून दिलेला कागद तो राजीनामा. तुम्ही संतापाने थरथरत लिहिलाय. हा राजीनामा नाही, नाराजीनामा आहे. शिवाय महसुलाची रीत अशी की जमीन सोडणाऱ्याने राजीनामा द्यायचा आणि घेणाऱ्याने कबुलायत लिहून द्यायची. एकटा राजीनामा अर्धा कागद. "तेव्हा सेक्रेटरीपदाची कबुलायत कोण देतंय?" सभेत अशी शांतता पसरली की वरच्या मजल्यावरचा कुकर ऐकू आला. सेक्रेटरी अजून तेच आहेत.

बाकी ठिकाणी मात्र त्यांना बोलावणं ही जोखीम असते. जवळच्या शाळेत एका मुलाचा सत्कार होता; त्याने विहिरीत पडलेल्या मित्राला बाहेर काढलं होतं. पाहुणे भाऊसाहेब. विषय ओघानेच 'साहस'. ते म्हणाले की आपल्या प्राचीन धर्मशास्त्रात साहस हा गुण नव्हता, गुन्हा होता. सहस् म्हणजे बळ. बळजोरीने केलेलं कृत्य ते साहस, दरोडा आणि मारहाण त्यातच. मनूने न्यायदानाची अठरा पदं सांगितली त्यांत एक साहसाचं आहे. इतकंच नव्हे, तर दंडाच्या रकमांनाही पुढे तेच नाव पडलं: प्रथम साहस, मध्यम साहस आणि सर्वांत जबर तो उत्तम साहस. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "बाळ, त्या काळी तुला उत्तम साहस झाला असता!" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापकांनी तर ते वाक्य फळ्यावर लिहून घेतलं. भाऊसाहेब खाली बसल्यावर कितीतरी वेळ बोलले नाहीत. आपल्या वाक्याचा अर्थ आपल्या तोंडून बाहेर पडून श्रोत्यांच्या कानापर्यंत पोचेस्तोवर बदलला, हा अनुभव त्यांना नवा होता.

की नव्हता, याची मला शंका आहे. कारण ताळेबंद मागणाऱ्या त्या सभासदांच्या साठीला भाऊसाहेबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक शुभेच्छापत्र दिलं आणि त्यावर लिहिलं, 'देवानांप्रिय श्री. अमुक यांस'. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत स्वतःला लावलेली ही पदवी, देवांचा लाडका. पण संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत या शब्दाची पुढे अशी काही घसरण झाली की सतराव्या शतकातल्या भट्टोजी दीक्षितांनी त्याचा अर्थ सरळ 'मूर्ख' असा नोंदवला. ते पत्र आता चौकटीत बसवून त्या गृहस्थांच्या दिवाणखान्यात टांगलेलं आहे. भाऊसाहेबांच्या मनात कोणत्या शतकातला अर्थ होता, हे ते कुणालाच सांगत नाहीत.

या जातीची माणसं आजची नव्हेत. पाणिनीच्याही आधीचा मानला जाणारा यास्क आपल्या 'निरुक्ता'त यांना सनदच देऊन गेला आहे. त्याचं म्हणणं, अर्थ धरून व्युत्पत्ती लावावी. तशी नाही लागली तर एखाद्या अक्षराच्या, एखाद्या वर्णाच्या साम्यावर लावावी. पण लावल्याशिवाय राहू नये. भाऊसाहेबांनी आपल्या खोलीत गणपतीशेजारी वि. का. राजवाड्यांचा फोटो लावला आहे. दुसरी एक शाखा आहे तिचं दैवत पु. ना. ओक. त्यांनी व्हॅटिकनचं मूळ वाटिकेत नेऊन लावलं होतं. त्या शाखेशी भाऊसाहेब पाण्याचाही व्यवहार ठेवत नाहीत. एकदा बागेत त्या शाखेचे एक आजोबा भेटले होते. दोघांनी एकमेकांना फक्त "मूळ?" आणि "मूळ?" एवढंच विचारलं आणि दोन वेगळ्या बाकांवर जाऊन बसले.

यास्काच्याच ग्रंथात गार्ग्य नावाचा एक विरोधक येतो. सगळी नामं धातूंपासून झाली, असं शाकटायन म्हणे. गार्ग्य म्हणे, कशावरून? वाट व्यापतो म्हणून घोड्याला अश्व म्हणत असाल, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकाला अश्व म्हणा की! प्रत्येक शाकटायनाच्या घरी एक गार्ग्य नेमून दिलेला असतो. भाऊसाहेबांच्या घरी तो स्वयंपाकघरात असतो.

काकू सातवीपर्यंत शिकल्या. माहेर कोकणातलं, वडील खोताचे कूळ. नवऱ्याच्या विद्वत्तेला त्यांचा विरोध नाही; ती स्वयंपाकाच्या वेळात नको, एवढंच. पण एकदा भाऊसाहेबांनी जाहीर केलं की तिळाचं तेच तेल, शेंगदाण्याचं तेल हा वदतोव्याघात आहे आणि 'खोबरेल तेल' म्हणजे तर तेलावर तेल ओतणं. संस्कृतात तैलाला व्यापक शब्द आहे तो स्नेह. चिकट तुपातेलाचा स्नेह आधीचा, माणसांमधला नंतरचा. काकूंनी पिशवी हातात दिली. "मग आणा स्नेह." आणि हे गृहस्थ खरोखर दुकानात जाऊन म्हणाले, "शेंगदाण्याचा स्नेह, एक लिटर." दुकानदाराने मागे वळून पोऱ्याला विचारलं, "नवीन ब्रँड आलाय का रे?"

कामाला येणाऱ्या बाईंच्या बाबतीतही तेच. "बाई आली नाही" हे वाक्य त्यांच्या काळजाला भिडतं. जिजाबाई, येसूबाई, अहिल्याबाई. कुठून कुठे आणला शब्द! म्हणून त्यांनी तिला अदबीने 'बाईसाहेब' म्हणायला सुरुवात केली. तिने दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी काकूंना बाजूला घेऊन विचारलं, "साहेब माझे पैसे कापणारेत का?"

नातवाला झोपताना गोष्ट हवी असते. गोष्ठ म्हणजे गाई बांधायची जागा, त्याचा आपला गोठा. तिथे माणसं जमू लागली तेव्हा सभा आणि गप्पा म्हणजे गोष्ठी, तिची आपली गोष्ट. गाई शोधणं ती गवेषणा, तिचं पुढे संशोधन झालं. गाईचा डोळा तो गवाक्ष, म्हणजे खिडकी. हे सगळं सांगून होईपर्यंत नातू झोपलेला असतो. सून म्हणते, सासऱ्यांच्या व्युत्पत्तीचा तिला जेवढा फायदा होतो तेवढा कुणालाच होत नाही. हे मी वर राजीनाम्याच्या वेळी लिहिलेलं 'एकदाच' दुरुस्त करण्याजोगं आहे, पण राहू दे.

एक शेरा मात्र भाऊसाहेबांना सहन होत नाही: 'देशी'. म्हणजे संस्कृताशी नातं लागत नाही, बाहेरूनही आलेला नाही, इथलाच, मातीतला. हेमचंद्राने बाराव्या शतकात अशा शब्दांचा 'देशीनाममाला' हा कोशच केला; आपल्या पोटाचे आणि डोंगराचे पूर्वज त्यात आहेत. पोटासारखा शब्द, ज्याच्यासाठी सगळं चाललंय, त्याला आईबाप नाहीत? भाऊसाहेबांच्या दृष्टीने ही बेवारस मिळकत. ते पोटाला गेली काही वर्षं संस्कृतातले एकेक धातू लावून पाहत आहेत. एकही बसलेला नाही, पोट मात्र वाढलं आहे.

आणि मग मृगाचा दिवस आला. जूनची सात-आठ तारीख, आभाळ भरलेलं, आम्ही पाच-सहा जण त्यांच्या गॅलरीत भजी खात होतो. कुणीतरी म्हणालं, "मृग लागला." झालं. मृग म्हणजे मुळात कुठलंही रानटी जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, म्हणून माकड शाखामृग, म्हणून शिकारीला मृगया. पुढे तो आकसत आकसत एकट्या हरणापुरता उरला. "आणि तुम्ही," भाऊसाहेब भजी रोखून म्हणाले, "तो पावसाला लावताय! हरणाच्या नावाच्या चांदण्या, त्या चांदण्यांच्या नावाचं नक्षत्र, त्या नक्षत्रात पाऊस, म्हणून पाऊस म्हणजे मृग? हा फेरफार कोणत्या अधिकाऱ्याने मंजूर केला?"

काकू आतून भज्यांचा दुसरा घाणा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मृग म्हणजे पाऊसच. आणि पहिल्या पावसात जमिनीतून तो लाल मखमली किडा निघतो, तोही मृगच. हरीण आमच्या वाडीत कुणी बघितलं नव्हतं."

"मूळ अर्थ—"

"मूळ तुमच्यापाशी असू दे," काकू म्हणाल्या. "कूळ आम्ही आहोत."

भाऊसाहेब थांबले. काकूंनी ताट ठेवलं आणि पदराला हात पुसत, आवाज न चढवता, त्यांना त्यांचंच खातं समजावून सांगितलं. सातबारा सातबारा करता, पण तुम्ही नुसता सात वाचता. मालक कोण, ते सातात. त्या सालात जमिनीत पेरलं काय, पीक कसलं निघालं, ते बारात असतं ना? मग बारा कोण वाचणार? माझ्या बापाने खोताची जमीन कसली. कागदावर खोताचं नाव, नांगर बापाच्या हातात. शेवटी कायद्याने जमीन कुणाची झाली? कसेल त्याची. तुमच्याच कचेऱ्यांनी लावलीत ना नावं? मग तेलाचं, मृगाचं, त्या बाईच्या 'बाई'चंही तसंच. आम्ही रोज वापरतो. कसतो म्हणा हवं तर.

सगळ्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. १९४८ चा कुळकायदा त्यांना कलमांसकट पाठ आहे. १ एप्रिल १९५७ ला कुळं जमिनीची मालक मानली गेली, ही तारीख त्यांनी आयुष्यभर कागदांवर लिहिली आहे. समोरच्या बाजूने इतका भक्कम दावा त्यांच्या कचेरीत कधी दाखल झाला नसावा. त्यांनी भजी उचललं, खाल्लं, आणि बराच वेळ पावसाकडे बघत बसले. मला वाटलं, चला, एक माणूस बरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमची बेल वाजली. दारात भाऊसाहेब, हातात छत्री, डोळ्यांत रात्रभराचं जागरण आणि चेहऱ्यावर अपार आनंद. "कूळ!" ते म्हणाले. "संस्कृतात कुल म्हणजे घराणं. सरकारदरबारी वसुलीसाठी एकेक घर मोजायचं, म्हणून सारा भरणारा तो कूळ, म्हणून कसणारा कूळ. म्हणजे काल ती जे बोलली, ते मूळ अर्थाने—" मी त्यांना आत घेतलं. चहा झाला. त्यांच्या या व्युत्पत्तीतला मधला दुवा कोशाचा की रात्रीच्या जागरणाचा, हे मी विचारलं नाही. यास्काने परवानगी दिलेलीच आहे. काकूंना हे सांगितलंत का, असं विचारल्यावर मात्र ते म्हणाले, "नाही. ती पुन्हा बारा काढील."

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी काकूंच्या बाजूचा आहे, पण संध्याकाळी जाऊन बसतो भाऊसाहेबांकडे. काकूंच्या बाजूला कायदा आहे आणि तो एका वाक्यात सांगून संपतो. भाऊसाहेबांकडे बाणभट्टाच्या नायिकेचं, कादंबरीचं नाव अख्ख्या मराठीत जाड पुस्तकांना कसं पडलं हे असतं, शिक्षा हिंदीत शाळेत आणि मराठीत छडीकडे कशी गेली हे असतं, आणि प्रपंच म्हणजे विश्वाचा पसारा असताना आपण तो दोन खोल्यांत कसा बसवला हेही असतं.

ज्यांना यातलं काही पडताळून पाहायचं असेल त्यांनी कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश पाहावा. जुन्या वाचनालयांत मिळतो. भाऊसाहेबांची प्रत मात्र मागू नये. तिच्यात पानोपानी समासात दुरुस्त्या केलेल्या आहेत आणि त्या पेन्सिलीने नाहीत, शाईने आहेत. खाली सही आणि तारीखही आहे.